घरच्या सिम्युलेटरमधले विमान कितपत खरे उडते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळाची, नवी आवृत्ती आली आणि जुना वाद पुन्हा सुरू झाला. पडद्यावरचे ढग, डोंगर आणि धावपट्ट्या आता छायाचित्रासारख्या दिसतात यावर सहसा कोणी भांडत नाही. वाद असतो तो विमान खऱ्यासारखे उडते की नाही यावर. एकच सेस्ना विमान एका सिम्युलेटरमध्ये जड आणि संथ वाटते, तर दुसऱ्यात हलके आणि चंचल, आणि दोन्हींचे निर्माते आपले विमान वास्तवाला धरून असल्याचे सांगतात. विमान कधीही न चालवलेल्या माणसाने यातले खरे कोणते हे कसे ठरवायचे? त्यासाठी संगणक विमान ‘उडवतो’ म्हणजे नेमके काय करतो, हे आधी समजून घ्यावे लागेल.

पडद्यामागे काय चालते

सिम्युलेटरचा जो भाग विमानाची हालचाल ठरवतो त्याला फ्लाइट मॉडेल म्हणतात. दृश्यांशी त्याचा संबंध नसतो. दृश्ये बंद केली तरी फ्लाइट मॉडेल आपले काम करत राहील. ते काम तत्त्वतः साधे आहे. या क्षणी विमानाचा वेग किती, ते कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हवा किती दाट आहे आणि नियंत्रणे कुठे आहेत, हे पाहायचे. त्यावरून विमानावर किती बल कोणत्या दिशेने लागते आणि ते त्याला कोणत्या अक्षाभोवती फिरवू पाहते, हे काढायचे. मग न्यूटनच्या नियमांनी पुढच्या क्षणी विमान कुठे असेल ते ठरवायचे. हे चक्र दर सेकंदाला अनेकदा फिरते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकणे, तसेच तीन अक्षांभोवती फिरणे, अशा सहाही प्रकारच्या हालचाली त्यात येतात.

या चक्रातला न्यूटनचा भाग निर्विवाद आहे. तो सर्व सिम्युलेटरांत जवळजवळ सारखाच असतो आणि तिथे चूक होण्याचे कारण नाही. खरा प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीचा आहे: या स्थितीत हवा विमानाला किती बलाने ढकलते, हे संगणकाला कसे कळते?

एका सूत्रात किती मावते

पंखामुळे विमानाला वर उचलणारे जे बल मिळते त्याला उत्थापन म्हणू. ते चार गोष्टींच्या गुणाकारातून येते: हवेच्या घनतेचा निम्मा भाग, वेगाचा वर्ग, पंखांचे क्षेत्रफळ आणि उत्थापनाचा गुणांक. पहिल्या तीन गोष्टी मोजता येतात. चौथा आकडा, म्हणजे गुणांक, हवेला पंख कोणत्या कोनात सामोरा जातो यावर अवलंबून असतो. या कोनाला वैमानिक अँगल ऑफ अटॅक म्हणतात. इथे त्याला पंखाचा कोन म्हणू. कोन वाढवला की गुणांक वाढत जातो, पण साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहू शकत नाही, ती सुटते आणि उत्थापन घसरते. ही अवस्था म्हणजे स्टॉल.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. सेस्ना १७२-एस या लहान विमानाचे कमाल वजन ११५७ किलो आहे आणि पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. फ्लॅप, म्हणजे हळू उडताना खाली सोडायच्या पंखामागच्या पट्ट्या, वर असताना ते सुमारे ५३ नॉट वेगाला, म्हणजे ताशी ९८ किलोमीटरला, स्टॉल होते. समुद्रसपाटीची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरून गणित केले, तर त्या क्षणी पंखाचा गुणांक सुमारे १.५ येतो. हेच विमान त्याच्या दुप्पट वेगाने, १०६ नॉटने, सरळ जात असेल तर वेगाचा वर्ग चौपट होतो आणि तेवढेच वजन उचलायला ०.३८ गुणांक पुरतो. म्हणून वेगात उडताना विमानाचे नाक खाली असते आणि हळू उडताना वर, आणि हा वेग व नाक यांचा संबंध कोणतेही बरे फ्लाइट मॉडेल अचूक दाखवते. विमान साठ अंश कलवून उंची न गमावता वळवले तर पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग ५३ वरून ७५ नॉटवर जातो. हेही त्याच सूत्रातून आपोआप येते, त्यासाठी कोणाला वेगळे काही लिहावे लागत नाही.

मात्र गुणांक कुठून आणायचा, या प्रश्नावर सिम्युलेटरांची दोन घराणी पडतात.

तक्ता आणि भूमिती

पहिल्या घराण्यात गुणांकांचे तक्ते आधीच तयार असतात. पंखाचा कोन इतका असेल तर उत्थापन इतके, मागची आडवी शेपटी इतकी वळवली तर नाक इतक्या जोराने उचलले जाईल, असे आकडे वायुबोगद्यातल्या मोजमापांतून, चाचणी-उड्डाणांतून किंवा अभियांत्रिकी आडाख्यांतून घेतात आणि संपूर्ण विमानासाठी एकत्र लिहून ठेवतात. संगणक फक्त तक्त्यात पाहतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आवृत्त्या या पद्धतीच्या होत्या, आणि फ्लाइटगिअर या मुक्त-स्रोत सिम्युलेटरमध्ये वापरले जाणारे जेएसबीसिम हे फ्लाइट मॉडेलही मुख्यतः तक्त्यांवर चालते.

दुसऱ्या घराण्यात विमानाचा आकार संगणकाला दिला जातो. ऑस्टिन मेयर यांनी १९९० च्या दशकात घडवलेले एक्स-प्लेन हे याचे प्रसिद्ध उदाहरण. ते पंख, शेपूट आणि पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, पाती यांचे लहान तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यावर हवा कोणत्या वेगाने व कोनाने येते ते पाहते आणि सगळ्या तुकड्यांवरची बले जोडते. या पद्धतीला ब्लेड एलिमेंट सिद्धांत म्हणतात. तिची मुळे एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या पंख्यांसाठी केलेल्या गणितात आहेत. मायक्रोसॉफ्टनेही २०२० च्या आवृत्तीपासून विमानाच्या पृष्ठभागाचे असंख्य तुकडे पाडून हिशेब करायला सुरुवात केली. जुनी पद्धत निवडण्याची सोय मात्र त्या आवृत्तीच्या सेटिंगमध्ये ठेवली होती.

पाढे पाठ असलेले मूल आणि गुणाकाराची रीत शिकलेले मूल यांच्यात जो फरक, तोच या दोन घराण्यांत आहे. पहिले मूल तीसपर्यंतच्या पाढ्यांत कधी चुकत नाही, पण त्यापलीकडचा आकडा विचारला की अडखळते. दुसरे कोणत्याही आकड्याचे उत्तर देते, पण त्याच्या रीतीत बारीक खोट असेल तर ती प्रत्येक उत्तरात उतरते.

“तुकड्यांची पद्धत आधुनिक आहे, मग तीच जास्त खरी नव्हे का?”

असा समज पसरलेला आहे, पण तो टिकत नाही. तुकड्यांच्या पद्धतीलाही पंखाच्या छेदाचा, म्हणजे पंख कापल्यावर बाजूने दिसणाऱ्या आकाराचा, गुणांक लागतोच. एक्स-प्लेनमध्ये तो छेदाच्या नोंदीतून येतो, म्हणजे तळाशी शेवटी तक्ताच असतो. शिवाय खरी हवा तुकड्यातुकड्यांत वाहत नाही. पंखाच्या टोकाशी भोवरे निर्माण होतात, पंखामागची हवा खालच्या दिशेने वळून शेपटीवर आदळते, पंख्याने मागे फेकलेला झोत विमानाच्या अंगाभोवती पीळ घेत जातो. एका भागाचा दुसऱ्यावर होणारा हा परिणाम तुकड्यांच्या पद्धतीत वेगळ्या आडाख्यांनी भरून काढावा लागतो.

फ्लाइटगिअरमध्ये दोन्ही घराणी शेजारी नांदतात, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथल्या यासिम या दुसऱ्या मॉडेलला विमानाची भूमिती द्यावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही, उतरतानाचा वेग व कोन आणि नेहमीच्या उड्डाणाचा वेग हेही सांगावे लागते. ते आकडे जुळेपर्यंत यासिम आपले गुणांक स्वतःच कमीजास्त करते. म्हणजे भूमितीवर चालणारे मॉडेलदेखील खऱ्या विमानाच्या ज्ञात आकड्यांना बांधलेलेच असते. चाचणी-उड्डाणांवरून काळजीपूर्वक बनवलेला तक्ता हा घाईने मोजलेल्या भूमितीपेक्षा कितीतरी विश्वासार्ह ठरतो, आणि उलटही तितकेच शक्य आहे. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: कोणते सिम्युलेटर खरे, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. एकाच सिम्युलेटरमधली दोन विमाने वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या दर्जाची माहिती वापरून बनवलेली असतात. त्यामुळे कोणते विमान, उड्डाणाच्या कोणत्या अवस्थेत आणि कशाशी ताडून पाहिलेले, असे विचारावे लागते.

जिथे सगळीच मॉडेल्स चाचपडतात

सरळ उड्डाण, चढणे, उतरणे, साधे वळण या मधल्या प्रदेशात आजची चांगली मॉडेल्स बरीच भरवशाची आहेत. कड गाठली की चित्र बदलते.

स्टॉलच्या आधी हवा शिस्तीने वाहते आणि गुणांक जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. स्टॉलनंतर हवा पंखावरून तुटक सुटते, दोन पंखांवर एकाच क्षणी सुटत नाही, आणि कोन कमी केल्यावरही ती लगेच परत चिकटत नाही. त्यामुळे त्याच कोनाला जाताना वेगळे उत्तर आणि येताना वेगळे, असा प्रकार घडतो. एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल झाला की विमान गरगर फिरत खाली येऊ लागते. त्याला स्पिन म्हणतात. स्पिनमध्ये वजन विमानात कुठे पसरले आहे, इंधन पंखांत किती आहे, शेपटीचा कोणता भाग कशाच्या आडोशाला गेला आहे, अशा गोष्टी निर्णायक ठरतात. यांची मोजमापे मिळवणे खर्चाचे आणि धोक्याचे असते, आणि मोजमाप नसले की तक्त्याचा तो कोपरा कोणीतरी अंदाजाने भरलेला असतो.

हा दोष घरच्या सिम्युलेटरांपुरता आहे असे वाटेल, पण तसे नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान स्टॉल होऊन कोसळले आणि ५० माणसे गेली. स्टॉलचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी वर खेचले होते. तोपर्यंत तिथल्या विमान कंपन्यांत स्टॉल जवळ आल्याची चिन्हे ओळखून तो टाळण्याचा सराव होई, पूर्ण स्टॉलमधून बाहेर येण्याचा सराव बंधनकारक नव्हता. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २०१३ मध्ये तो बंधनकारक केला. मात्र असा सराव ज्यांवर करायचा त्या सिम्युलेटरांची मॉडेल्स त्या प्रदेशासाठी पारखलेली नव्हती, म्हणून २०१६ मध्ये सिम्युलेटरांचे निकषही वाढवावे लागले. प्रचंड किमतीच्या, हलत्या चौथऱ्यावरच्या व्यावसायिक यंत्रांची ही स्थिती होती, हे लक्षात ठेवून घरच्या संगणकावरच्या स्पिनकडे पाहावे.

दुसरी अवघड जागा म्हणजे जमीन. हवेत बले तुलनेने सावकाश बदलतात. चाक धावपट्टीला टेकले की ती क्षणार्धात उसळतात. सेकंदाला ३० वेळा हिशेब करणाऱ्या संगणकावर ६० नॉट वेगाने उतरणारे विमान दोन हिशेबांच्या मध्ये सुमारे एक मीटर पुढे गेलेले असते. तेवढ्यात चाकाचा दांडा किती दबला आणि टायर किती घसरला हे नेमके कळले नाही, की विमान विनाकारण उडी मारते किंवा थरथरते. म्हणूनच फ्लाइट मॉडेलचा हिशेब दृश्यांपेक्षा जास्त वेळा करतात. फ्लाइटगिअरमध्ये जेएसबीसिम सेकंदाला १२० वेळा हिशेब करते. तरीही आडव्या वाऱ्यात धावपट्टीवर विमान सरळ ठेवणे हे अनेक सिम्युलेटरांत खऱ्यापेक्षा कधी फार सोपे, तर कधी फार अवघड वाटते.

“पण माझे विमान हात लावताच डोलते, मग मॉडेल चुकीचेच ना?”

ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा तिचा दोष फ्लाइट मॉडेलच्या माथी उगाच येतो. टेबलावरची जॉयस्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताच्या थोड्या हालचालीत जाते, तर लहान विमानातल्या नियंत्रणदांड्याचा प्रवास त्याहून बराच लांब असतो. मॉडेल अगदी बिनचूक असले, तरी जॉयस्टिक एका सेंटीमीटरने हलवल्यावर जे घडते ते खऱ्या विमानात कितीतरी जास्त हात हलवल्यावर घडते.

बळाचेही तसेच आहे. लहान विमानात नियंत्रणदांडा तारांनी थेट शेपटीला जोडलेला असतो, त्यामुळे वेग वाढला की तो जड होतो आणि वेग कमी झाला की सैल पडतो. हा सैलपणाच वैमानिकाला स्टॉल जवळ आल्याचे हाताला सांगतो. जॉयस्टिकमधली स्प्रिंग मात्र ४० नॉटला आणि १२० नॉटला सारखाच प्रतिकार करते. खऱ्या विमानात ट्रिमचे चाक फिरवून हातावरचा दाब काढून टाकतात आणि दांडा त्याच जागी राहतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर दांडा सोडला की तो मध्यावर परत येतो, त्यामुळे ट्रिम करताना एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने जॉयस्टिक हळूहळू मध्यावर आणावी लागते. ही कसरत खऱ्या विमानात करावी लागत नाही.

त्यात भर म्हणजे आंतरकर्ण आणि पाठीखालची खुर्ची यांच्याकडून येणारी जाणीव घरी अजिबात नसते. विमान तिरके घसरते आहे हे वैमानिकाला अंगाने कळते; घरी ते केवळ एका लहान उपकरणातल्या गोळीवरून कळते. म्हणून मॉडेलला नावे ठेवण्यापूर्वी सेटिंगमध्ये जॉयस्टिकची संवेदनशीलता मध्यभागी कमी करून पाहावी. तेवढ्याने विमान शांत झाले, तर दोष कुठे होता ते कळले.

“वैमानिकांनी चालवून पाहिले आणि पसंत केले, हे पुरेसे नाही का?”

वैमानिकाचे मत मोलाचे असते, पण तो मोजमापाचा पर्याय नव्हे. माणूस पटकन जुळवून घेतो, आणि तासाभराने चुकीचे मॉडेलही त्याला सवयीचे वाटू लागते. म्हणून एअरलाइनच्या सिम्युलेटरांना मान्यता देताना खऱ्या विमानाच्या चाचणी-उड्डाणांच्या नोंदी आणि सिम्युलेटरचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहतात. अमेरिकेच्या नियमांत या यंत्रांचे ए ते डी असे चार स्तर आहेत, प्रत्येक चाचणीला किती चूक चालेल हे ठरलेले आहे, आणि स्टॉलच्या वेगासाठी ती मुभा तीन नॉट इतकीच आहे. आकडे जुळल्यावरच वैमानिकाचे मत विचारात येते.

सिम्युलेटर खरा वाटतो म्हणून त्यावरून चुकीचा धडा घेतला जाण्याचा धोका किती मोठा असतो, याचे उदाहरण १२ नोव्हेंबर २००१ चे आहे. न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३०० विमानाचा पुढच्या मोठ्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांशी सामना झाला, सहवैमानिकाने रडरचे, म्हणजे उभ्या शेपटीच्या हलत्या भागाचे, पेडल आलटूनपालटून जोरात दाबले, उभी शेपटी तुटली आणि २६५ जणांचा मृत्यू झाला. चौकशी मंडळाने हातभार लावणाऱ्या कारणांत त्या विमानाच्या रडर-यंत्रणेची रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षण कार्यक्रमातले काही भाग नोंदवले. त्या कार्यक्रमातल्या सिम्युलेटरच्या एका सरावात विमान भोवऱ्यात खूप कलंडावे म्हणून नियंत्रणांचा परिणाम काही काळ मुद्दाम दाबून ठेवला जाई. खऱ्या विमानाने एवढे कलंडायचे कारण नव्हते.

“मग परवान्याच्या प्रशिक्षणात अशी सिम्युलेटरे कशी चालतात?”

चालतात, पण मर्यादित कामासाठी. अमेरिकेत ठरावीक हार्डवेअरसह मान्यता मिळालेल्या साध्या प्रशिक्षण-यंत्रावरचे १० तास आणि प्रगत यंत्रावरचे २० तासांपर्यंत, बाहेर न पाहता केवळ उपकरणांवरून उडण्याच्या पात्रतेसाठी मोजता येतात, आणि अशा काही यंत्रांत एक्स-प्लेनची व्यावसायिक आवृत्ती असते. तीच प्रणाली घरच्या संगणकावर चालवली तर मान्यता नसते, कारण मान्यता सॉफ्टवेअर, नियंत्रणे आणि संगणकाचा वेग या सगळ्यांना मिळून दिलेली असते. शिवाय उपकरणांवरून उडणे म्हणजे मुख्यतः लक्ष कुठे द्यायचे, कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर, नकाशा आणि सुया यांचा मेळ कसा घालायचा याचा सराव. त्याला मधल्या प्रदेशातले चांगले मॉडेल पुरते. उतरताना शेवटच्या काही फुटांत नाक किती आणि केव्हा उचलायचे, हे मात्र हाताने आणि अंगाने शिकायचे काम आहे, आणि ते घरी शिकलो असे समजणे घातक ठरू शकते.

घरी करून पाहण्याजोग्या परीक्षा

विमानाच्या माहितीपुस्तिकेतले आकडे हाताशी असतील, तर आपल्या सिम्युलेटरची परीक्षा कोणालाही घेता येते. वारा बंद ठेवावा, हवामान प्रमाणित ठेवावे, विमान कमाल वजनाचे करावे. सेस्ना १७२-एस सुरक्षित उंचीवर नेऊन इंजिन मंद करावे आणि उंची न गमावता वेग हळूहळू कमी होऊ द्यावा. फ्लॅप वर असताना स्टॉल ५३ नॉटच्या आसपास यायला हवा. तो वेगमापकावर वाचलेल्या आकड्यापेक्षा थोडा वेगळा दिसेल, कारण हळू वेगाला मापकातच चूक असते आणि ५३ हा ती दुरुस्त केल्यानंतरचा आकडा आहे. मग इंजिन पूर्ण बंद करून, पंखा वाऱ्याने फिरत असताना ६८ नॉटने तरंगत यावे. हजार फूट उंची गमावताना विमानाने सुमारे दीड सागरी मैल कापायला हवे, म्हणजे त्याला साधारण ८० सेकंद लागायला हवेत. ५० सेकंदांत हजार फूट गेले, तर हवेचा रोध जास्त धरला आहे.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत उपयुक्त वाटते, कारण ती एका आकड्याची नसून वेग, उंची आणि नाक यांच्या परस्परसंबंधाची आहे. विमान १०० नॉटवर ट्रिम करून सरळ ठेवावे, नाक थोडे उचलून वेग दहा नॉट कमी होऊ द्यावा आणि जॉयस्टिक अलगद मध्यावर आणून सोडून द्यावी. विमान आपोआप नाक खाली करेल, वेग घेईल, पुन्हा वर चढेल, आणि लाटेसारखे वर-खाली जात हळूहळू शांत होईल. या हालचालीला फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०८ मध्ये फ्युगॉइड हे नाव दिले. त्यांच्या सोप्या सूत्राप्रमाणे एका पूर्ण लाटेला लागणारे सेकंद म्हणजे सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाच्या ०.४५ पट, १०० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ मीटर, म्हणून लाट सुमारे २३ सेकंदांची. हे सूत्र ढोबळ आहे, त्यामुळे काही सेकंदांचा फरक चालेल; व्यावसायिक सिम्युलेटरांची मात्र खऱ्या विमानाच्या नोंदींशी याच लाटेवर परीक्षा होते आणि तिथे कालावधीत दहा टक्क्यांचीच मुभा असते. हीच परीक्षा ८० नॉटवर पुन्हा घ्यावी. लाट त्या प्रमाणात आखूड झाली, तर मॉडेलमध्ये वेग आणि उंची यांचा हिशेब नीट जोडलेला आहे. दोन्ही वेळा विमान एकाच हेलकाव्यात आज्ञाधारकपणे सरळ झाले, तर ते सोपे वाटावे म्हणून कोणीतरी त्याला आतून धरून ठेवले आहे, आणि सेटिंगमधली साहाय्ये बंद करून पुन्हा पाहायला हवे.